वीटभट्टीच्या आवारात : आर्ची ब्रे फाउंडेशनची पंचाहत्तर वर्षे

हेलेना हे अमेरिकेतल्या मोंटाना राज्याचे राजधानीचे गाव. १८६४ मध्ये तिथे सोने सापडले आणि रॉकी पर्वताच्या पायथ्याशी वस्ती उभी राहिली. वस्तीला घरे हवीत आणि घरांना विटा, म्हणून सोन्यामागोमाग वीटभट्ट्याही आल्या. त्यांतल्या एका भट्टीचा कारभार चार्ल्स ब्रे हे मूळचे इंग्रज वीटकार पाहत असत. १९०५ मध्ये तिचीच 'वेस्टर्न क्ले मॅन्युफॅक्चरिंग कंपनी' झाली. चार्ल्स यांचा मुलगा आर्ची ओहायो राज्य विद्यापीठातून सिरॅमिक इंजिनिअरिंग शिकून आला आणि १९३१ मध्ये वडील गेल्यावर कारखान्याची सूत्रे त्याच्या हाती आली.

विटांचा धंदा करणाऱ्या या माणसाला संगीत-नाटकाचे विलक्षण वेड होते. मोठ्या शहरांपासून शेकडो मैल दूर असलेल्या आपल्या गावात चांगले गाणारे-वाजवणारे यावेत, म्हणून आर्ची ब्रे खटपट करत. चित्रकार, शिल्पकार, संगीतकार सगळ्यांना येऊन काम करता येईल अशी एक जागा आपल्याच कारखान्याच्या आवारात असावी, हे त्यांचे स्वप्न होते. पीटर मेलॉय हे हेलेनातले वकील हौसेने मातीकाम करत, आणि ब्रॅन्सन स्टीव्हन्सन हे तेल कंपनीतले अधिकारी स्वतः चित्रकार होते. या तिघांच्या बोलण्यातून ठरले की सुरुवात मातीपासून करावी. माती दारात होती, भट्ट्या तयार होत्या, विटा तर घरच्याच. १९५१ मध्ये 'आर्ची ब्रे फाउंडेशन' स्थापन झाले. मातीच्या कामाबद्दल ज्याला खरी आस्था आहे अशा कुणालाही काम करायला उत्तम जागा मिळावी, एवढाच त्याचा उद्देश. प्रवेशपरीक्षा नाही, अभ्यासक्रम नाही, पदवीही नाही. पंचाहत्तर वर्षांत या उद्देशाला फाटे फोडावे लागले नाहीत, याचे मोठे श्रेय मी त्याच्या या साधेपणाला देईन.

संस्थेला पहिली दोन माणसे मिळाली ती बोझमनच्या मोंटाना स्टेट कॉलेजातून. तिथे फ्रान्सेस सेन्स्का १९४६ पासून शिकवत होत्या. त्या आफ्रिकेत, कॅमेरूनमध्ये जन्मल्या. शिकागोत कलावंत-शिक्षक मोहॉय-नॉज यांच्या हाताखाली त्या डिझाइन शिकल्या होत्या. मातीकामात मात्र स्वतःच अजून नवख्या होत्या. त्यामुळे त्यांच्या वर्गात बाई आणि विद्यार्थी एकत्रच शिकत. तयार माती विकत घेण्यापेक्षा आसपासचे डोंगर-ओढे धुंडाळून माती खणून आणायची, चाळायची, भाजून पाहायची, ही त्यांची रीत होती. त्या वर्गात दुसऱ्या महायुद्धातून परतलेली दोन मुले होती. पीटर व्होल्कोस हा बोझमनमधल्या ग्रीक कुटुंबातला, तर रूडी ऑटिओ ब्यूट या खाणगावातल्या फिनिश कुटुंबातला. सैनिकांसाठीच्या सरकारी शिक्षण योजनेतून दोघे कॉलेजात आले होते. आधी चित्रकला शिकायला आलेला व्होल्कोस मातीत उतरला आणि मग तिथून बाहेर निघालाच नाही.

१९५१ च्या उन्हाळ्यात ब्रे यांनी दोघांना कामावर घेतले. दिवसा कारखान्यातली विटांची कामे आणि उरलेल्या वेळात स्वतःचे मातीकाम, असा क्रम होता. मातीकामाची पहिली इमारत याच मंडळींनी, कारखान्याच्याच विटा रचून, आपल्या हातांनी बांधली. भट्टी कशी श्वास घेते हे या मुलांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. कारखान्याच्या घुमटाकार भट्ट्या शेजारीच धगधगत होत्या. त्यांत ज्वाळा भिंतीलगत वर चढते, घुमटाला धडकून खाली वळते, रचलेल्या मालातून उतरते आणि जमिनीखालच्या नळातून धुराड्याकडे ओढली जाते. हजारो विटा एकसारख्या भाजणाऱ्या कामगारांच्या सोबतीत दोन तरुण कलावंत तयार होत होते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. कलाशिक्षणाच्या संस्था बहुधा कारखान्यांपासून लांब राहतात. इथे कारखान्यानेच कलेला आपल्या अंगणात जागा दिली.

मग आला १९५२ चा डिसेंबर.

त्या वर्षीच्या जुलैत इंग्लंडमध्ये डार्टिंग्टन येथे कुंभारकाम आणि विणकाम करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. (डार्टिंग्टन ही संस्था काढणारे लिओनर्ड एल्महर्स्ट त्याआधी रवींद्रनाथांच्या सांगण्यावरून श्रीनिकेतन उभारत होते, त्यामुळे या कथेचे एक मूळ बीरभूमच्या तांबड्या मातीत आहे, याचा आपल्याला आनंद वाटावा.) परिषद आटोपून तिघे जण अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले. इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच, जपानच्या माशिको गावचे शोजी हामादा आणि लोककलेचे तत्त्वज्ञ सोएत्सु यानागी. नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात, मग सेंट पॉलला, आणि तिथून ऐन हिवाळ्यात ते हेलेनाला आले. एक वर्षाच्या, फारसे नाव नसलेल्या या संस्थेत जगातले तीन ज्येष्ठ जाणते पाहुणे म्हणून उतरले. त्या भेटीचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. उघड्यावर व्होल्कोस, यानागी, लीच, ऑटिओ आणि हामादा उभे आहेत. यजमान विशी-तिशीतले, पाहुणे साठीच्या आसपासचे.

लीच बोलत. भांड्याला पाय, पोट, खांदा, गळा असतो आणि प्रत्येकाचे दुसऱ्याशी नाते असते, हे ते समजावून सांगत. यानागी बौद्ध विचार आणि सौंदर्य यांवर व्याख्यान देत. निनावी कारागिराने रोजच्या वापरासाठी केलेल्या वस्तूत जे सौंदर्य येते ते नाव कमावू पाहणाऱ्याला साधत नाही, असे त्यांचे म्हणणे. हामादा मात्र फारसे बोलत नसत, ते काम करत. चाकावर मातीचा मोठा गोळा ठेवून त्याच्या माथ्यावर एक वाडगा उचलायचा, दोऱ्याने कापून बाजूला ठेवायचा, लगेच त्याच गोळ्यावर दुसरा. अमेरिकेत तेव्हा प्रत्येक भांड्यासाठी माती मोजून घेऊन चाकावर मधोमध बसवण्याची शिस्त शिकवत. आपल्या कुंभारवाड्यातला माणूस पिढ्यान्‌पिढ्या पणत्या आणि कुल्हड अशाच मोठ्या गोळ्यावरून काढतो, त्याला यात नवल वाटणार नाही. मोंटानातल्या मुलांना ते नवीन होते. त्यांना सर्वात भिडली ती हामादांची बेफिकिरी. समोर असेल ती माती, असेल ती झिलई, ब्रशचे दोन-तीन फटकारे, आणि भांडे पूर्ण. किंचित वाकडे राहिले तरी ते सरळ करायला त्यांचा हात परत जात नसे.

पाहुण्या कलावंताकडून शिकण्याबद्दल जे काही म्हणायचे ते या भेटीने म्हणून ठेवले आहे असे मला वाटते. हामादा कसलीही कृती लिहून देऊन गेले नाहीत. दिली असती तरी उपयोग झाला नसता, कारण झिलईची कृती प्रवासात टिकत नाही. फेल्डस्पार नावाचे एकच खनिज दोन खाणींत वेगळ्या प्रमाणात सोडा आणि पोटॅश घेऊन येते. भट्टीत प्राणवायू किती कमी ठेवला, भट्टी किती सावकाश थंड झाली, यावर तीच झिलई एकदा दुधाळ निळी उतरते आणि एकदा मळकट तपकिरी. पुण्याच्या निर्मला पटवर्धन यांनी इंग्लंडमधल्या सेंट आइव्ह्जला लीच यांच्याकडे काम केले होते. भारतात परतल्यावर त्यांनी इथल्या कच्च्या मालावर वर्षानुवर्षे चाचण्या घेतल्या आणि त्यांतून कुंभारांसाठी हस्तपुस्तिका लिहिली. तिची पाने आपल्याकडच्या स्टुडिओंत मातीच्या बोटांनी मळलेली असतात ती याच कारणाने. पाहुण्यांकडून हात पाहून घ्यायचा, भट्टीशी मात्र आपले आपणच भांडायचे. हेलेनाच्या मुलांनी नेमके तेच केले.

आर्ची ब्रे यांना या पाहुणचाराचे फळ पाहायला मिळाले नाही. १९५३ च्या फेब्रुवारीत ते वारले.

त्याच उन्हाळ्यात व्होल्कोस यांना ब्लॅक माउंटन कॉलेजात शिकवायला बोलावणे आले. आता पाहुणे होण्याची पाळी त्यांची होती. तिथे त्यांची गाठ संगीत, नृत्य, चित्रकला या क्षेत्रांत सगळे उलटेपालटे करू पाहणाऱ्या मंडळींशी पडली. परतताना न्यूयॉर्कमध्ये त्यांनी अमूर्त चित्रकारांच्या स्टुडिओंतले वातावरण पाहिले. तोवर व्होल्कोस अतिशय नेटकी, मेणाने झाकून नक्षी काढलेली भांडी करत आणि त्यांवर राष्ट्रीय स्पर्धांत बक्षिसे मिळवत. १९५४ मध्ये ते लॉस एंजलिसला नवा सिरॅमिक विभाग काढायला गेले आणि तिथे त्यांच्या हातून भांडे फुटले, अगदी शब्दशः. चाकावर काढलेली मोठमोठी नळकांडी एकमेकांवर रचायची, कापायची, भोसकायची, पुन्हा जोडायची. पॉल सोल्डनर, जॉन मेसन, केन प्राइस ही मंडळी त्यांच्याबरोबर रात्र-रात्र जागून काम करत. तिथे ना तासिका होत्या ना धडे, गुरू मध्ये आणि शिष्य भोवती, सगळे आपापल्या मातीशी झुंजत. बाहेरून पाहता लीच यांच्या शिकवणुकीच्या हे अगदी विरुद्ध. पण हामादांचा मागे न वळणारा हात मला त्यात स्पष्ट दिसतो. शिष्याने गुरूसारखी भांडी केली असती तर ती एक बरी नक्कल झाली असती. इथे गुरूची निर्भयता उचलली गेली.

लीच यांचा प्रभाव सगळ्यांनाच मान्य होता असे नाही, आणि ते या संस्थेच्या वातावरणाला पोषकच ठरले. अमेरिकी कुंभारांना परंपरेचे सोटमूळ नाही, अशी लीच यांची टीका होती. बाउहाउस या जर्मन कलाशाळेत शिकलेल्या आणि नाझी राजवटीमुळे युरोप सोडून कॅलिफोर्नियात आलेल्या मार्गरेट वाइल्डनहाइन यांनी १९५३ मध्ये एका कला-नियतकालिकातून लीच यांना जाहीर पत्र लिहिले. अनेक देशांतून आलेल्या माणसांनी दुसऱ्याचे मूळ उसने घेऊन जपानी भांडी का करावीत, आपल्या अनुभवातून आपले काम का करू नये, असा त्या पत्राचा रोख होता. या वाइल्डनहाइनही ब्रे फाउंडेशनमध्ये पाहुण्या शिक्षिका म्हणून येऊन गेल्या. त्यांची शिस्त कडक होती. कुत्र्याला खायला घालायच्या साध्या थाळीपासून सुरुवात, तोच आकार पुन्हा पुन्हा, आणि केलेले भांडे घरी न्यायचे नाही. एकाच छपराखाली लीच आणि वाइल्डनहाइन या दोन्ही टोकांना मान मिळाला. कोणत्याही एका घराण्याचा शिक्का ब्रेवर बसला नाही तो यामुळे.

पाहुण्या तंत्राचे पुढे काय होते याचे सर्वात बोलके उदाहरण व्होल्कोस यांच्या त्या लॉस एंजलिसच्या गटातूनच निघाले. लीच यांनी १९११ मध्ये टोकियोत एका मेजवानीत राकू ही भांडी भाजण्याची जपानी पद्धत पाहिली होती. पाहुण्यांनी रंगवलेली भांडी त्यांच्यासमोरच छोट्या भट्टीत घालून अर्ध्या तासात लालभडक बाहेर काढली, आणि त्या क्षणी या गृहस्थाने कुंभार व्हायचे ठरवले. पुढे १९४० मध्ये आपल्या पुस्तकात त्यांनी त्या पद्धतीचे वर्णन दिले. ते वाचून पॉल सोल्डनर यांनी १९६० मध्ये कॅलिफोर्नियात क्लेअरमाँटच्या एका कलामेळ्यात छोटी भट्टी मांडली. भांडी बाहेर आली ती त्यांना फार भडक, चकचकीत वाटली. मग त्यांनी एक तापलेले भांडे झाडाखाली पडलेल्या पाल्यात लोळवले. पाला पेटला, धूर झाला, आणि मातीत काजळी शिरून भांड्याचा नूर पालटला. जपानी राकूत हा धुराचा भाग नव्हता. आज जगभरच्या कार्यशाळांत, मुंबई-पुण्यातही, जे राकू शिकवतात ते बहुतेक सोल्डनर यांचे असते. सुमारे ९०० ते १००० अंशांवर झिलई वितळली की चिमट्याने भांडे उचलायचे, भुसा किंवा कागद घातलेल्या डब्यात टाकायचे आणि झाकण लावायचे. तांबे असलेली झिलई धातूसारखी चमकते, तडे काळे उमटतात, झिलई नसलेली माती काळी ठिक्कर होते. टोकियोतली मेजवानी, इंग्लंडमधले पुस्तक, कॅलिफोर्नियातला पाला, अशी या तंत्राची वाटचाल झाली.

१९५२ च्या त्याच दौऱ्याचा एक धागा आपल्या देशातही आला. हेलेनानंतर तिघे पाहुणे लॉस एंजलिसला गेले, तिथे त्यांच्या यजमान होत्या सुझन पीटरसन. पुढे पीटरसन यांनी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवले आणि त्यांच्या विद्यार्थ्यांत रे मीकर होते. जपानच्या बिझेनमध्ये शिकलेल्या डेबोरा स्मिथ या पीटरसन यांच्याबरोबर हामादांवरील पुस्तकाच्या कामासाठी माशिकोला दुभाषी म्हणून गेल्या होत्या. मीकर आणि स्मिथ या दोघांनी १९७१ मध्ये पुदुच्चेरीत 'गोल्डन ब्रिज पॉटरी' सुरू केली. तिथे शिकलेल्यांनी नंतर देशभर स्टुडिओ काढले, महाराष्ट्रातले अनेक जण त्यात आहेत. त्याच्याही आधी, सरदार गुरचरण सिंग १९१९ ते १९२२ या काळात जपानमध्ये शिकत होते आणि लीच, हामादा, यानागी यांच्या बैठकीत त्यांची ऊठबस होती. त्यांनी दिल्लीत 'दिल्ली ब्लू पॉटरी' काढली ते वर्षही १९५२ च. म्हणजे हेलेनाचा आणि आपला पाहुणा एकच. ब्रेचा इतिहास मराठीत लिहावासा वाटला त्याचे एक कारण हे आहे.

संस्थेकडे परत येतो. १९५७ मध्ये ऑटिओ मिसूला येथील विद्यापीठात शिकवायला गेले. वर्षभराने केन फर्ग्युसन संचालक झाले आणि थोड्याच काळात संस्थेखालची जमीन हलली. १९६० मध्ये वीट कंपनीचे दिवाळे निघाले आणि कारखाना एका कॅनडियन कंपनीकडे गेला. संस्था आता परक्याच्या आवारात उभी होती. मेलॉय आणि मित्रमंडळींच्या धडपडीमुळे मातीकामाची इमारत हातची गेली नाही. फर्ग्युसन यांच्यानंतर १९६४ ते १९७० या काळात डेव्हिड शेनर यांनी संस्था सांभाळली. संचालक म्हणजे कचेरीत बसणारा अधिकारी नव्हे. तोच भांडी करणार, विकणार, भट्टी दुरुस्त करणार आणि पाहुण्यांची सोयही बघणार. मोठमोठ्या घोषणांशिवाय, केवळ रोज उठून काम केल्याने वाचलेल्या संस्था थोड्या असतात, ही त्यांतली एक.

फर्ग्युसन पुढे कॅन्सस सिटीत शिकवू लागले आणि ब्रेची शिकवण बरोबर घेऊन गेले. जपानच्या दौऱ्यात कोइशिवारा गावच्या एका कुंभाराकडे त्यांना अकियो ताकामोरी नावाचा तरुण शिकाऊ भेटला. दिवसभर एकसारखी भांडी काढून तो कंटाळला होता. १९७४ मध्ये तो अमेरिकेत शिकायला आला, आणि पुढे हेलेनाला निवासी कलावंत म्हणून राहिला. तेव्हा कर्ट वायझर संचालक होते. पातळ मातीचे दोन पत्रे जोडून चपट्या पाकिटासारखे भांडे करायचे आणि त्यावर माणसांच्या आकृती अशा रंगवायच्या की कडेची रेघ हीच शरीराची रेघ व्हावी, ही ताकामोरींची ओळख त्या काळात घडली. १९५२ मध्ये जपानी ज्येष्ठ अमेरिकी मुलांना शिकवायला आले होते. पाव शतकानंतर एक जपानी मुलगा जपानी परंपरेतून सुटका करून घ्यायला त्याच आवारात आला, हे मला फार सुंदर वाटते.

१९८४ मध्ये संस्थेने वीटभट्टीचे सगळे २६ एकरांचे आवार विकत घेतले. कारखाना बंद पडलेला, घुमट ओसाड, सर्वत्र फुटक्या विटा आणि टाइल्सचे ढीग. रॉबर्ट हॅरिसन या निवासी कलावंताने तेच ढीग उचलून कमानी आणि भिंती रचल्या. त्यांतले 'पॉटर्स श्राइन' हे मातीकाम करणाऱ्यांचे देवघर आजही आवारात आहे. कारखान्यातली रद्दी तिथे कलावंतांचा कच्चा माल झाली.

१९९२ ते २००६ या काळात जॉश डीवीझ संचालक होते. त्यांच्या काळात, २००४ मध्ये निवासी कलावंतांसाठी नवी इमारत झाली आणि तिला शेनर यांचे नाव दिले. त्यांच्यानंतर आलेल्या स्टीव्हन यंग ली यांचे काम पाहिले तर ही संस्था कुठवर आली ते कळते. ली यांचे आईवडील कोरियातून आलेले, जन्म शिकागोचा. चीन-कोरियाच्या राजेशाही थाटाचे पोर्सेलिनचे पुष्पपात्र घडवायचे, त्यावर निळ्या रंगात काटेकोर नक्षी काढायची आणि भाजताना ते खचेल, उसवेल, कोसळेल अशीच मांडणी करायची. उतरते ते भांडे मोडके असते, पण त्यावरची एकेक रेघ जपून काढलेली असते. १२५० अंशांच्या वर पोर्सेलिन मऊ पडते आणि स्वतःच्या भाराने बसते, हा दोष टाळण्यात कुंभारांच्या पिढ्या गेल्या. ली यांनी त्यालाच कामाला लावले.

आज ब्रेमध्ये दीर्घ मुदतीचे निवासी कलावंत दोन वर्षांपर्यंत राहतात, उन्हाळ्यात थोड्या मुदतीचे आणखी काही येतात. कुणी लाकडाच्या भट्टीत राखेची झिलई उतरवतो, कुणी भट्टीत सोडा फवारतो, कुणी साच्यात पोर्सेलिन ओततो. शेजारच्या बाकावर काम चालू असतेच. ते बघायला परवानगी लागत नाही, विचारले तर उत्तर मिळते. संस्था स्वतः माती आणि कच्चा माल विकते, गावकऱ्यांसाठी वर्ग चालवते, त्या वर्गांत निवासी कलावंतही शिकवतात. निघताना प्रत्येक जण आपले एक काम संस्थेच्या संग्रहात ठेवून जातो. त्या संग्रहात हामादांनी हेलेनात केलेली भांडी आहेत, व्होल्कोस आणि ऑटिओ यांची आहेत, आणि नुकत्याच येऊन गेलेल्यांचीही. नवा माणूस आला की ती त्याला पाहायला मिळतात.